सायकलची बैठक

सायकल पाहावयास निघालेला मनुष्य तिची पुष्कळ परीक्षा करतो. घंटी वाजवतो, चाक उचलून गरकन फिरवतो, ब्रेकच्या दांड्या ओढतो, रंगावर नखाचा ओरखडा काढून पाहण्यासही कमी करीत नाही. परंतु ज्या एका भागाशी त्याचा पुढील कित्येक वर्षे अत्यंत निकटचा संबंध यावयाचा असतो, त्या बैठकीपाशी आला म्हणजे तो अंगठ्याने ती जरा दाबतो, अंगठा आत गेला की "मऊ आहे" असे म्हणतो आणि पुढे सरकतो. सायकलवर अंगठ्याने बसावयाचे नसते, ही साधी गोष्ट त्या क्षणी त्याच्या ध्यानात येत नाही. ती ध्यानात येते चौथ्या किंवा पाचव्या किलोमीटरवर, आणि तेथे दुकानदार नसतो.

घोड्याच्या खोगिरात पूर्वी जुनेर, चिंध्या, लोकर, जे हाती येईल ते भरीत. त्यावरून निरुपयोगी भरण्यास 'खोगीरभरती' म्हणण्याचा प्रघात पडला. सायकलच्या बैठकीला इंग्रजांनी घोड्याच्या खोगिराचेच नाव दिले. मराठी माणसाने मात्र तिला 'सीट' म्हणून कामापुरता प्रश्न सोडविला. त्यामुळे खोगीर गेले, पण खोगीरभरती राहिली. आज बाजारात जाडजूड स्पंजाच्या, आत चिकट गोळा भरलेल्या, वर चकचकीत रेक्झिन ताणलेल्या ज्या बैठकी मिळतात, त्यांना हा जुना शब्द अक्षरशः लागू पडतो.

हा विषय चैनीचा आहे, फावल्या वेळी जुन्या वस्तू जमविणाऱ्या हौशी मंडळींचा आहे, असे शहरात राहणाऱ्या श्रोत्यांना वाटण्याचा संभव आहे. पुण्यासारख्या एके काळी सायकलींचे शहर म्हणविणाऱ्या नगरीत आज जुनी उभ्या बांध्याची काळी सायकल संग्रहालयात पाहावयास मिळते, तेव्हा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गडचिरोलीहून पूर्वेस मुरूमगावाकडे जो रस्ता जातो, त्यावर धानोरा हे तालुक्याचे गाव आहे. 1982 साली चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. हा तालुका त्या जिल्ह्यात मोडतो. रस्त्याच्या दुतर्फा जंगल, जंगलात लहान लहान गावे आणि त्यांहून लहान टोले. याच तालुक्यातील मेंढा हे छोटेसे गाव 2009 साली आपल्या सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवून साऱ्या देशात प्रसिद्धीस आले. अशा मुलखात शाळा, बाजार, दवाखाना, धान्याचे दुकान ही सर्व कोणाच्याही दारात नसतात; ती तीन, पाच, आठ किलोमीटरवर असतात. एस. टी. आपल्या वेळेने येते आणि आपल्या वेळेने जाते. मोटारसायकलला पेट्रोल लागते, शिवाय ती सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती कायद्याने देता येत नाही. उरते सायकल. तेव्हा या तालुक्यात सायकल चालते की भिंतीला टेकून उभी राहते, यावर एखाद्या मुलीचे शिक्षण चालते की थांबते हे अवलंबून असू शकते.

शासनालाही ही गोष्ट कळली आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली, जे 125 तालुके मागे राहिलेले म्हणून निवडले गेले, त्यांत इयत्ता 8 वी ते 12 वी मधील गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्याची योजना आखली गेली. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असावे, अशी तिची अट ठरविण्यात आली. योजना चांगली आहे याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. तथापि सायकल एका मापाची येते आणि मुली अनेक मापांच्या असतात. बैठक उंच-सखल करून देण्याचे काम कोणत्याही योजनेत लिहिलेले नसते, ते घरच्या माणसांवरच पडते.

धानोऱ्याच्या आसपासचे असे एक घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. घरातील वृद्ध गृहस्थाने, ज्याला विदर्भातील पद्धतीप्रमाणे नातवंडे आबाजी म्हणतात, टपाल पोचविण्यात उमेदीची सारी वर्षे घालविली आहेत. त्याची सायकल काळी, 28 इंची चाकांची, दांड्यांच्या ब्रेकची, उंच आणि मागे कललेल्या बांध्याची, म्हणजे ज्या सायकलींना भारतभर लोक नुसते 'मोठी सायकल' म्हणून ओळखतात, त्यांपैकी एक. तिच्यावर चामड्याची, मागे दोन वेटोळ्या स्प्रिंगांची बैठक. नात उंचीने आबाजीवर गेलेली. अकरावीत धानोऱ्यास नाव घातलेले. घर योजनेच्या मर्यादेपलीकडे. तेव्हा आबाजीची सायकल नातीस मिळते. मुलीचे वडील कौतुकाने ती जुनी, काळवंडलेली, मध्ये झोळ पडलेली बैठक काढून टाकतात आणि बाजारातील सर्वांत मऊ बैठक आणून बसवतात. पहिल्या आठवड्यात मुलगी काही बोलत नाही, कारण दुखते ते ठिकाण बोलून दाखविण्यासारखे नसते. दुसऱ्या आठवड्यात ती रस्त्यावर मधूनमधून उतरून चालू लागते. तिसऱ्या आठवड्यात सायकल भिंतीला टेकते आणि पहिला तास बुडू लागतो. घरचे म्हणतात, मुलीला सायकल झेपत नाही.

झेपत नाही ते सायकल नव्हे. चूक कोठे झाली हे समजण्यासाठी उभ्या बांध्याच्या सायकलवर मनुष्य कसा बसतो ते पाहिले पाहिजे. शर्यतीच्या सायकलवर मनुष्य पुढे वाकलेला असतो. त्याचे ओझे हात, पाय आणि बैठक या तिघांत वाटले जाते. मोठ्या सायकलीची मूठ बैठकीहून उंच असते, पाठ ताठ राहते, मान सरळ राहते, समोरचा रस्ता आणि बाजूचे रान दोन्ही दिसतात. हे तिचे सुख आहे. या सुखाची किंमत बैठकीला मोजावी लागते, कारण हातांवर काहीच भार येत नाही आणि धडाचे जवळजवळ सगळे ओझे खाली उतरते. शर्यतवाल्याला जी अरुंद बैठक सोयीची असते, ती येथे छळ करते. ताठ बसले म्हणजे कमरेचे हाड मागे कलते आणि माणूस आपल्या दोन बैठकीच्या हाडांवर, खुर्चीवर बसावा तसा, रुंद बसतो. ही दोन हाडे म्हणजे कमरेच्या सांगाड्याची खालची दोन टोके. निसर्गाने ती ओझे वाहण्यासाठीच दिली आहेत. त्यांच्या मधला भाग मात्र ओझ्यासाठी नाही. तेथून नाजूक मज्जातंतू व रक्तवाहिन्या जातात.

आता मऊ स्पंजाचे काय होते ते पाहावे. अंगठ्याला तो गोड लागतो, कारण अंगठ्यामागे ओझे नाही. माणूस बसला की दोन हाडे स्पंजात खोल जातात, आणि जितकी ती खाली जातात तितका मधला स्पंज वर येऊन नेमका त्याच नाजूक भागावर दाबतो. बैठक जितकी मऊ, तितका हा दाब अधिक. वर मे महिन्यातील विदर्भाचे ऊन. रेक्झिनमधून वारा जात नाही, घाम तेथेच राहतो, कातडी सोलवटते. बाजारापर्यंत दोन किलोमीटर जावयाचे असेल तर मऊ बैठकीविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही, ती खुशाल वापरावी. दररोज जाऊन-येऊन बारा-चौदा किलोमीटर हा निराळा हिशेब आहे.

तेव्हा पहिली गोष्ट मऊपणा नव्हे, रुंदी. आणि रुंदी डोळ्यांनी नव्हे, मापाने ठरवावी. हे माप घरी घेता येते आणि त्यास एक पैसाही पडत नाही. किराणा दुकानात खोकी येतात, त्यांचा आत लाटा असलेला पुठ्ठा घ्यावा. तो घट्ट लाकडी स्टुलावर किंवा दगडी पायरीवर ठेवावा. पातळ कपड्यांनिशी त्यावर ताठ बसावे, पायांखाली एखादी वीट ठेवून गुडघे किंचित वर येऊ द्यावेत, आणि दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरून स्वतःला क्षणभर खाली ओढावे. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे पडलेले दिसतात. न दिसल्यास कोळशाची कांडी आडवी फिरवावी, म्हणजे खळगे पांढरे राहतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. बहुतेकांचे ते 10 ते 14 सेंटिमीटरांच्या दरम्यान भरते. स्त्रियांचे सरासरीने थोडे अधिक असते. पण सरासरीवर विसंबून बैठक घेणे म्हणजे सरासरीवर विसंबून चप्पल घेण्यासारखे आहे. धिप्पाड पुरुषाचे माप अकरा आणि किरकोळ बांध्याच्या मुलीचे तेरा, असेही होते. अंगाच्या जाडीचा या मापाशी काही संबंध नाही, हे मुद्दाम सांगावयास हवे, कारण 'बारीक माणसाला बारीक बैठक' असे समजणारे दुकानदार कमी नाहीत.

या मापात ताठ बसणाऱ्याने सुमारे 4 सेंटिमीटर मिळवावे. म्हणजे तेरा मापाच्या मुलीस निदान 17 सेंटिमीटर वापरता येण्याजोगी रुंदी पाहिजे. 'वापरता येण्याजोगी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. चामड्याच्या बैठकीत मागच्या बाजूस लोखंडी कमान असते आणि चामडे तिच्यावर तांब्याच्या रिबिटांनी पक्के केलेले असते. हाडे त्या लोखंडावर आली तर अडकित्त्यात सापडल्यासारखे होते. हाडे चामड्याच्या मोकळ्या, झुलणाऱ्या भागावरच पडली पाहिजेत. म्हणून जुन्या मोठ्या सायकलींच्या बैठकी 20-21 सेंटिमीटर रुंद करीत, आणि म्हणूनच कित्येक ठिकाणी काढून फेकून दिलेली बैठकच योग्य निघते. आबाजीची ती काळवंडलेली बैठक मापून पाहिली तर तीही या जातीची असण्याचा पुष्कळ संभव आहे.

मात्र रुंदीचा लोभही वाईट. मागे रुंद असलेली बैठक पुढे झटकन निमुळती झाली पाहिजे. तिची कंबर जाड राहिली तर मांड्या घासतात. लुगडे, साडी किंवा घेरदार कपडा असेल तर पुढचे नाक आखूड असलेले बरे. कापड अडकत नाही, चढता-उतरता येते. पूर्वीच्या कारखानदारांनी स्त्रियांसाठी अशा आखूड नाकाच्या बैठकी याच कारणाने केल्या.

येथे थोडा इतिहास सांगावयास हरकत नाही. पहिल्या पायगाड्यांना हवेचे टायर नव्हते. लाकडी चाकावर लोखंडी धाव, आणि खाली फरसबंदी रस्ता. इंग्लंडात लोकांनी त्या यंत्राला हाडे खिळखिळी करणारे असे नावच दिले होते. त्या काळी सारे सुख-दुःख बैठकीवर होते. बर्मिंगहॅमला घोड्यांचे साज करणारा जॉन बोल्टबी ब्रूक्स नावाचा एक कारागीर होता. त्याचा घोडा 1878 साली मेला, म्हणून त्याने उसनी सायकल घेतली, आणि तिच्या बैठकीने इतका त्रस्त झाला की स्वतःच नवी करावयास बसला, अशी हकीकत त्याचा कारखाना आजवर अभिमानाने सांगत आला आहे. 1882 साली त्याने चामड्याच्या बैठकीचे पेटंट घेतले. घोड्याचा साज करणाऱ्यालाच हे सुचावे यात नवल नाही. चामडे ताणले असता ते माणसाच्या अंगाप्रमाणे वळते, हे त्याला ठाऊक होते. 1885 साली स्टार्ले याची दोन सारख्या चाकांची सायकल निघाली, 1888 साली डनलॉप याने हवेचा टायर काढला. त्याच 1888 साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी सायकलींचे दुकान घातले. पुढे नांगर, पंप आणि इंजिने करणाऱ्या एका मोठ्या मराठी उद्योगाचा आरंभ या दुचाकी वाहनाच्या विक्रीने झाला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. लक्ष्मणराव लोकांना सायकलवर बसावयास शिकवीतही असत, हे तितके ठाऊक नसते.

स्त्रिया सायकलवर बसू लागल्या तेव्हा युरोप-अमेरिकेत मोठा गदारोळ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात काही डॉक्टरांनी बैठकीवर आक्षेप घेतले आणि कारखानदारांनी मध्ये फट ठेवलेल्या किंवा दोन वेगळ्या गाद्यांच्या बैठकी बाजारात आणल्या. त्यांतला बराचसा भाग जाहिरातीचा होता, पण मूळ विचार खोटा नव्हता. शंभराहून अधिक वर्षांनी, 2008 साली, अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना नाक नसलेल्या बैठकी सहा महिने वापरावयास दिल्या. मधल्या भागावरील दाब आणि बधिरपणाच्या तक्रारी दोन्ही पुष्कळ कमी झाल्याचे आढळले. पायांत किंवा जांघेत मुंग्या येणे, बधिर होणे हे 'सवय नाही म्हणून' होते, असे समजून सोसू नये. स्नायू दुखले तर ते चार दिवसांत सरावतात. बधिरपणा सरावत नाही; तो बैठक चुकल्याची खूण आहे.

आता आबाजीच्या बैठकीकडे वळावे. चामड्याची बैठक ही खुर्ची नसून झोळी आहे: नाकापासून मागच्या कमानीपर्यंत सुमारे अर्धा सेंटिमीटर जाडीचे चामडे ताणलेले असते आणि खाली काहीच नसते. दररोजच्या बसण्याने त्यात दोन हाडांच्या जागी हलके खळगे पडतात. म्हणून जुने लोक आपली बैठक दुसऱ्यास देत नसत. नातीला आबाजीचे खळगे बोचणार नाहीत काय, ही शंका रास्त आहे. थोडे बोचतील. परंतु खरा दोष खळग्यांचा नसतो, झोळाचा असतो. वर्षानुवर्षे पावसात भिजून, वर गोडे तेल चोपडून चामडे सैल होते, मध्ये खाली जाते, बाजू फाकतात, आणि मग बसणारा खळग्यात घसरून त्याच्या मधोमध येतो.

हा झोळ काढता येतो. नाकाच्या खाली एक बोल्ट असतो. पान्ह्याने त्याची नट अर्धा फेरा, फार तर एक फेरा आवळावी, आठवडाभर पाहावे, मग पुन्हा विचार करावा. उत्साहाच्या भरात चार-पाच फेरे आवळणाऱ्याच्या हाती बहुधा रिबिटापाशी फाटलेले चामडे येते. एवढ्याने भागले नाही तर बाजूच्या दोन्ही पाळ्यांना खालच्या कडेने पाच-सहा भोके पाडावीत आणि खालून सुतळीने, बुटाची नाडी घालावी तशी, त्या एकमेकींकडे ओढून बांधाव्यात. फाकलेली बैठक यामुळे पुन्हा कमानदार होते. हे काम चामड्याचा कोणताही कारागीर अर्ध्या तासात करून देतो, आणि पुष्कळदा नव्या बैठकीच्या गोष्टी सांगणाऱ्या दुकानदारापेक्षा त्याला तिच्यातले अधिक कळते.

चामडे वाळून तडकलेच असेल तर मात्र दुरुस्तीचा आग्रह धरू नये. परंतु तेव्हाही लोखंडी सांगाडा आणि स्प्रिंगा शाबूत असतील तर नवे चामडे चढविता येते. वनस्पतींच्या सालीने कमावलेले, म्हशीचे जाड, घट्ट चामडे घ्यावे. कोमट पाण्यात तासभर भिजवावे. सांगाड्यावर ताणून दोरीने आवळून बसवावे आणि सावलीत दोन दिवस वाळू द्यावे. उन्हात ठेवले की ते आक्रसते आणि ठिसूळ होते. वाळल्यावर आकार कायम राहतो; मग भोके पाडून तांब्याच्या रिबिटा ठोकाव्यात. विलायती नावाजलेल्या बैठकीची किंमत आज कित्येकदा एका अख्ख्या नव्या देशी सायकलीच्या घरात जाते. त्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. ज्यांना चामडे नको असेल त्यांनी जाड कॅनव्हास आणि रबर यांची, पण तशीच ताणलेली बैठक पाहावी. तत्त्व तेच आहे: वर घट्ट, खाली मोकळी.

तेलाविषयी एक गैरसमज आहे. चामडे म्हटले की तेल पाजावे, अशी समजूत आहे, आणि ज्या मुलखात मोहाच्या बियांचे तेल घरोघरी निघते तेथे ते हाताशी असते. परंतु पातळ तेल चामड्यात मुरले की ते नरम पडते आणि झोळ लवकर येतो. मेण आणि थोडी चरबी एकत्र वितळवून, फडक्याने अगदी पातळ हात, वर्षातून दोनदा, तोही अधिक करून खालच्या बाजूने. एवढे पुरे होते. जंगलातील मधाबरोबर मेणही येते, ते या कामी उत्तम.

स्प्रिंगांची निवड वजनावर करावी. जुन्या मोठ्या सायकलींवरील काही बैठकींच्या स्प्रिंगा इतक्या जाड असतात की दोन गोण्या तांदूळ घेऊन जाणाऱ्यालाच त्या हलतात. चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलीखाली त्या दगडासारख्या उभ्या राहतात. उलट वजनदार माणसाने नाजूक स्प्रिंगा घेतल्या तर प्रत्येक खड्ड्यात बूड टेकते आणि बैठक डावी-उजवी डुलते. बसून, मागच्या चाकाखाली एखादी काठी घालून सायकल तिच्यावरून न्यावी; स्प्रिंग बोटभर दबून परत आली म्हणजे झाले. आबाजीच्या स्प्रिंगा नातीस हलतच नसतील, तरी फार हळहळू नये. तिच्या वजनाला चामड्याचा झुला पुष्कळ होतो, मात्र टायरमधील हवा दगडासारखी भरू नये.

एवढे करूनही बैठक चुकीच्या उंचीवर असेल तर सर्व फुकट. खेड्यात आणि शहरातही बहुतेक सायकलींच्या बैठकी फार खाली असतात, कारण दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले म्हणजे धीर वाटतो. परंतु मग गुडघे छातीकडे येतात, पाय ओझे उचलत नाहीत, आणि जे ओझे पायांनी घ्यावयाचे तेही बैठकीवर पडते. कित्येकांची बैठक दुखते त्याचे कारण बैठक नसून तिचा आखूड राहिलेला दांडा असतो. टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे. पाय सरळ व्हावा, पण कंबर एका बाजूस ओघळू नये. नंतर चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, आणि थांबताना जमिनीला चवडा टेकतो. नवशिक्या मुलीची बैठक प्रथम दोन बोटे खाली ठेवावी आणि धीर आला तसा दर आठवड्यास बोटभर वर न्यावी. दांड्यावर आत किती राहावयाचे त्याची खूण नसेल तर निदान चार बोटे दांडा नळीत राहिलाच पाहिजे.

दांड्याच्या जाडीचेही पाहून घ्यावे. जुन्या बैठकीची पकड सात-अष्टमांश इंची दांड्यावर बसणारी असते. नव्या सायकलचा दांडा जाड निघाला तर ती बसत नाही, आणि हातोडीने बसविण्याचा प्रयत्न करू नये. नाक सपाट, फार तर तांदळाच्या दाण्याइतके वर. नाक खाली झुकविले की बसणारा पुढे घसरतो, हातांवर रेटा येतो, मनगटे दुखू लागतात, आणि दोष मुठीला दिला जातो. नाक फार वर केले की काय होते ते सांगावयास नको.

या साऱ्या गोष्टी एका रविवारी दुपारी, अंगणात सायकल उभी करून, करता येण्यासारख्या आहेत. पुठ्ठ्याचे माप मात्र आईने किंवा आजीने घ्यावे. मुलगी त्यांच्याशी बोलते, आणि दुखते कोठे हे कळल्याशिवाय कोणत्याही बोल्टाला हात लावण्यात अर्थ नाही. हाडे दुखतात की मधला भाग बधिर होतो, मांड्या घासतात की कातडी सोलवटते, या प्रत्येकाचे उत्तर निराळे आहे. हाडे दुखली तर पंधरवडा वाट पाहावी. बधिर झाले तर रुंदी आणि नाक पाहावे. मांड्या घासल्या तर बैठकीची कंबर जाड आहे. सोलवटले तर स्पंज आणि रेक्झिन दोन्ही काढावे. आबाजीला इतकेच करावयाचे असते की पान्हा हाती घेऊन थांबावे आणि पुन्हापुन्हा "आता बरे वाटते काय?" असे विचारण्याची लाज धरू नये, कारण नात पहिल्या खेपेस "हो, बरे आहे आबाजी" म्हणते ते आबाजीच्या समाधानासाठी. तिसऱ्या खेपेस खरे सांगते.

पावसाळ्याची एक तजवीज राहिली. या भागात पाऊस मुबलक पडतो आणि शाळेपुढील सायकली उघड्यावर उभ्या असतात. भिजलेल्या चामड्यावर बसले की एका दिवसात वर्षभराचा झोळ पडतो. खताच्या रिकाम्या पिशवीचा हातभर तुकडा कापून, काठाला सुतळी ओवून, बैठकीखाली स्प्रिंगेत अडकवून ठेवावा. शाळेत पोचल्यावर तो ओढून बैठकीवर बांधावा. आणि बांधावयाचे विसरून ती भिजलीच, तर घरी आल्यावर फडक्याने टिपून चुलीपासून दूर, वाऱ्याच्या जागी रात्रभर ठेवावी आणि सकाळी तिच्यावर अंगठा दाबून पाहावे. ओली असल्यास अंगठ्याचा ठसा राहतो. तेवढ्या एका दिवशी एस. टी. ने जावे.